गुरुवारच्या विजेचा हिशोब

पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात गुरुवार हा कारखान्यांच्या आठवडी सुट्टीचा वार. राज्यातले सगळे कारखाने एकाच दिवशी बंद ठेवले तर उरलेल्या दिवसांत विजेवर एकदम ताण येतो. म्हणून विभागवार वेगवेगळे वार ठरले आणि पुणे परिसराच्या वाट्याला गुरुवार आला. कारखाने बंद असले की महावितरणलाही उपकेंद्रातली, फीडरवरची कामं, तारांवर आलेल्या फांद्या तोडणं यासाठी हाच दिवस सोयीचा पडतो. त्यामुळे ‘गुरुवारी सकाळी लाइट जाणार’ हा निरोप इथल्या घरांना नवा नाही. पण कामगाराचं घर भरलेलं असतं तेही गुरुवारीच. आठवड्याचे कपडे धुवायचे असतात, घरघंटीवर दळण काढायचं असतं, बुधवारी तिसऱ्या पाळीला गेलेला माणूस सकाळी येऊन पंख्याखाली झोपलेला असतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्यघर’ योजना आली आणि मोशी, चिखली, निगडी प्राधिकरणापासून चाकणजवळच्या कुरुळी, महाळुंग्यापर्यंत गच्च्यांवर निळीकाळी पॅनेल दिसू लागली. पहिल्या दोन किलोवॉटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० असं जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं केंद्राचं अनुदान मिळतं. बिल खाली आलं, लोक खूश झाले. मग एका गुरुवारी लख्ख ऊन पडलेलं असताना, गच्चीवर ३ किलोवॉटची पॅनेल तळपत असताना घरातला पंखा थांबला, आणि ‘सोलर लावूनही लाइट का गेली?’ हा प्रश्न घरोघरी विचारला गेला.

बहुतेक घरांत बसवलेला इन्व्हर्टर ‘ऑन-ग्रिड’ प्रकारचा असतो. महावितरणच्या तारेतल्या विजेची लय ऐकून त्या लयीत तो आपली वीज मिसळतो. तारेतली वीज गेली की त्याने क्षणात बंद पडायचं, असा नियमच आहे आणि तो योग्य आहे. तसं झालं नाही तर आपल्या गच्चीवरची वीज बाहेरच्या तारेत शिरेल आणि वीज बंद आहे असं समजून खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. गुरुवारी तर तो माणूस खरोखरच खांबावर असतो. म्हणजे ऑन-ग्रिड यंत्रणा वीज गेल्यावर घराला काही देत नाही, आणि तेवढ्या तासांत पॅनेलमधून जे युनिट मिळाले असते तेही बुडतात.

इथून पुढे बॅटरीचा विषय सुरू होतो, आणि बहुतेक लोक इथेच चुकीच्या टोकाकडून सुरुवात करतात. ‘३ किलोवॉटचं सोलर आहे, तर बॅटरी किती मोठी घेऊ?’ असं विचारतात. विक्रेताही पॅनेलच्या हिशोबाने मोठा आकडा सांगून मोकळा होतो. माझं म्हणणं असं आहे की या पट्ट्यातल्या घराने बॅटरी पॅनेलकडे बघून घेऊच नये. आपल्याकडे वीज कधी जाते, किती वेळ जाते आणि त्या वेळात घरातलं काय चालू राहिलंच पाहिजे, एवढ्यावरच ती ठरवावी.

त्याचं कारण नेट मीटरिंगमध्ये आहे. दिवसा आपण न वापरलेलं युनिट महावितरणच्या जाळ्यात जातं आणि बिलात ते आपल्या वापरातून वजा होतं. उरलेली युनिटं पुढच्या महिन्यात जातात, आणि ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपताना शिल्लक राहिलेल्यांचा हिशोब ठरलेल्या दराने होतो. हा दर घरगुती दरापेक्षा बराच कमी असतो. आपल्या बिलात दिवसाचं युनिट रात्रीच्या युनिटासमोर एकास एक वजा होत असेल, तर तेच युनिट बॅटरीत साठवून रात्री वापरण्यात एक पैसाही वाचत नाही, उलट साठवताना थोडी वीज वाया जाते. ‘बॅटरी लावा, बिल शून्य होईल’ असं कोणी सांगितलं तर त्याला आपलं मागच्या वर्षाचं बिल दाखवा आणि कुठली ओळ कमी होणार ते बोटाने दाखवायला लावा.

एक साधा हिशोब मांडू. समजा, ५ युनिटची लिथियम बॅटरी १ लाख रुपयांना पडली. तिच्यातून एका वेळी साडेचार युनिट वापरता येतात आणि ती ४,००० वेळा भरून रिकामी करता येते. म्हणजे आयुष्यभरात १८,००० युनिट. रोज वापरली तर साठवणुकीचा खर्च युनिटला साडेपाच रुपयांच्या आसपास येतो. पण आपण ती फक्त वीज गेल्यावर वापरणार. वर्षातून ५० वेळा पूर्ण वापरली आणि १० वर्षं टिकली, तर ५०० वेळा, म्हणजे २,२५० युनिट. आता एका युनिटाचा खर्च झाला जवळपास ४४ रुपये. हे पैसे बचतीच्या खात्यात मोजूच नयेत. अंधार आणि उकाडा टाळण्याची ती किंमत आहे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेले आजोबा असतील, घरून काम करणारी मुलगी असेल, तर ही किंमत मोजावीच. पण तेव्हा ५ युनिट खरंच लागतात का, हा प्रश्न जास्त टोकदार होतो.

बॅटरीचे दोन आकडे वेगवेगळे असतात आणि दुकानात त्यांची गल्लत होते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे टाकीचं गणित इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. टाकी किती लिटरची आहे ही एक गोष्ट आणि तिला लावलेल्या नळातून मिनिटाला किती पाणी येतं ही दुसरी. बॅटरीतली युनिटं, म्हणजे किलोवॉट-तास, ही टाकी. इन्व्हर्टरचे किलोवॉट हा नळ. टाकी भरलेली असूनही नळ बारीक असेल तर मिक्सर आणि मोटर एकदम चालणार नाही. उलट मोठ्या इन्व्हर्टरला छोटी बॅटरी जोडली तर सगळं चालेल, पण अर्ध्या तासात संपेल.

आता घरातली यादी करू. साधे तीन पंखे धरले तर २१० वॉट, पाच एलईडी दिवे ४५, वायफायचा राउटर १०, टीव्ही ८०, आणि फ्रिज दिवसभराच्या सरासरीने ५० वॉट. सगळं मिळून ४०० वॉटच्या आत. चार तासांना लागले दीड युनिटाच्या वर थोडे, आणि साठवणुकीतली गळती धरून दोन युनिट. आठ तासांची पूर्ण रात्र काढायची म्हटली तर चार. हेच पंखे ३० वॉटवाले बीएलडीसी घेतले तर रात्रीत एक युनिट वाचतं. बॅटरीचं एक युनिट विकत घेण्यापेक्षा तीन पंखे बदलणं स्वस्त पडतं आणि त्याचा फायदा वर्षभर मिळतो. एसी, गिझर, इंडक्शन शेगडी या यादीत आणूच नका. दीड टनाचा एसी एकटाच घरातल्या बाकी सगळ्या गरजेच्या तिप्पट-चौपट वीज खेचतो.

पाण्याच्या मोटरीचं मात्र नीट बघावं लागतं. १ हॉर्सपॉवरची मोटर चालताना साधारण १ किलोवॉट घेते, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट करंट खेचते. ३ किलोवॉटचा इन्व्हर्टर त्या झटक्याने ट्रिप होऊ शकतो. पाण्याची पाळी आणि वीजबंद एकाच दिवशी आले की खालच्या टाकीत पाणी असूनही वरची टाकी कोरडी, ही अडचण इथे खरी आहे. त्यासाठी कित्येक पट मोठा इन्व्हर्टर घेण्यापेक्षा वीज जायच्या आधी सकाळी वरची टाकी भरून घेणं किंवा सॉफ्ट स्टार्टर लावणं शहाणपणाचं. इन्व्हर्टर घेताना त्याच्या कागदावर सलग किती किलोवॉट आणि काही सेकंदांसाठी किती, हे दोन्ही आकडे मागा.

या पट्ट्याचं एक वैशिष्ट्य विक्रेते फारसं सांगत नाहीत. गुरुवारचा देखभालीचा वीजबंद दिवसा असतो, म्हणजे ऊन असताना. घरात ‘हायब्रिड’ इन्व्हर्टर असेल तर वीज जाताच तो घराला बाहेरच्या तारेपासून तोडतो आणि पॅनेलची वीज थेट घरातल्या ठरावीक सर्किटना देतो. बॅटरी फक्त आधाराला राहते. ढग आला, फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की तेवढं ती सावरते. जुलैच्या ढगाळ दुपारी पॅनेलमधून ४००-५०० वॉट आले तरी वरची यादी भागते. म्हणजे सहा तासांच्या गुरुवारसाठी सहा तासांची बॅटरी लागतच नाही, छोटी पुरते. बॅटरीचा खरा कस लागतो तो मे महिन्यात वळवाचा पाऊस संध्याकाळी कोसळतो तेव्हा. झाड तारेवर पडतं, ऊन गेलेलं असतं आणि वीज कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. तेव्हा आपल्या फीडरवर गेल्या दोन वर्षांत सूर्यास्तानंतरचा सगळ्यात लांब वीजबंद किती तासांचा होता ते आठवा, शेजाऱ्यांना विचारा. निगडीत ते उत्तर दोन तास असेल, चाकणच्या वाडीत आठ तास असेल. बॅटरीचा आकार त्या आकड्याने ठरतो.

विजेची जोड स्वतःच उभी करण्याची सवय या भागाला जुनी आहे. २००५ नंतर महाराष्ट्रात भारनियमनाने कहर केला होता तेव्हा, २००६ मध्ये, सीआयआय या उद्योगसंघटनेच्या पुढाकाराने ‘पुणे मॉडेल’ आलं. कारखान्यांनी आपले पडून असलेले जनरेटर चालवायचे, त्यामुळे जाळ्यात मोकळी होणारी वीज शहराला मिळायची, आणि त्याचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी विश्वसनीयता आकार म्हणून भरायचा. भारनियमनाच्या त्याच काळात हजारो घरांत कपाटाशेजारी ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर येऊन बसला. तो अजून तिथे असेल, तर नवी बॅटरी घेण्याआधी त्याच्याकडे नीट बघा. ऑन-ग्रिड सोलर आणि वेगळा जुना इन्व्हर्टर एकाच घरात सुखाने नांदतात. इन्व्हर्टर मेनवरून बॅटरी भरतो आणि नेट मीटरमुळे ते युनिट शेवटी आपल्या पॅनेलच्याच खात्यातलं असतं. वीज महिन्यातून एकदा-दोनदा, दोन-तीन तास जात असेल तर एवढी सोय पुरेशी आहे. फक्त जुन्या इन्व्हर्टरच्या आउटपुटला सोलर इन्व्हर्टर जोडण्याचा जुगाड कोणाला करू देऊ नका. त्यासाठी मुद्दाम बनवलेली यंत्रणा लागते, नाहीतर दोन्ही जळतात.

नवी बॅटरी घ्यायचीच असेल तर घरासाठी आज दोनच प्रकार विचारात घ्यावेत.

पहिला लेड-ॲसिड. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधलेली ही बॅटरी आपल्या पट्ट्याच्या चांगल्या ओळखीची आहे. एक्साइडचा चिंचवडचा कारखाना १९६९ पासून आहे. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी म्हणजे कागदावर १.८ युनिट. पण रोज तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर मरते, म्हणून अर्धीच वापरायची, म्हणजे हातात ०.९ युनिट. वजन ५५ ते ६० किलो. डिस्टिल्ड वॉटर घालत राहावं लागतं आणि भरताना हायड्रोजन निघतो, म्हणून हवेशीर जागा हवी. घेताना ‘सी-१०’ का ‘सी-२०’ ते विचारा. दहा तासांत रिकामी करून मोजलेली १५० ही सोलरसाठीची बॅटरी. वीस तासांत मोजलेली १५० ही साध्या इन्व्हर्टरची, आणि जास्त लोडवर तिच्यातून कमी वीज मिळते. एरवी भरलेली राहून क्वचित वापरल्या जाणाऱ्या बॅटरीसाठी लेड-ॲसिड आजही वाईट नाही. ती स्वस्त आहे, कोपऱ्यावरच्या दुकानात दुरुस्त होते आणि मेल्यावरही शिशाच्या भावाने पैसे देऊन जाते.

दुसरा प्रकार लिथियम आयर्न फॉस्फेट, बाजारात ज्याला एलएफपी म्हणतात. टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या गटाने याचा शोध जगासमोर मांडला. १९९७ च्या त्या मूळ निबंधाचे पहिले लेखक होते अक्षय पाढी, भारतीय वंशाचे संशोधक. गुडइनफना पुढे २०१९ मध्ये लिथियम-आयन बॅटरीच्या कामासाठी नोबेल मिळालं. चाकणला महिंद्राच्या कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांत हेच रसायन आहे, ५९ आणि ७९ युनिटांच्या बॅटऱ्यांत. घरात बसते ती बहुधा ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची पेटी, म्हणजे ५.१२ युनिट. ३.२ व्होल्टचे सोळा सेल एकापुढे एक जोडलेले असतात. ९० टक्क्यांपर्यंत रिकामी करता येते, भरलेल्या विजेतली ९० टक्क्यांहून जास्त परत मिळते आणि पाणी घालावं लागत नाही. वजन पन्नास किलोच्या आसपास, म्हणजे एका ट्युब्युलरएवढ्या वजनात पाचपट वापरता येणारी वीज.

लिथियममध्येच निकेल-मँगनीज-कोबाल्टचाही एक प्रकार आहे. तो वजनाला हलका, म्हणून गाड्यांना सोयीचा. घरातल्या भिंतीला वजनाचं काय? तापल्यावर एलएफपी त्याच्यापेक्षा बरीच जास्त गर्मी सहन करते आणि भडकण्याची शक्यता कमी असते. नुसतं ‘लिथियम आहे’ एवढ्यावर थांबू नका, रसायनाचं नाव बिलावर लिहून घ्या. सुटे सेल आणून जुळवलेले किंवा जुन्या गाड्यांतून काढलेल्या सेलचे पॅकही भावात घासाघीस करणाऱ्यांना दाखवले जातात. ते घरात आणू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. वीस-तीस हजार वाचवून झोपण्याच्या खोलीशेजारी अनोळखी सेल ठेवण्यात अर्थ नाही. लिथियम पेटीला ‘आयईसी ६२६१९’ या सुरक्षा मानकाचं प्रमाणपत्र आहे का, लेड-ॲसिडला ‘आयएस १६२७०’ आहे का, हे विचारा आणि प्रमाणपत्रावरचं मॉडेल पेटीवरच्या मॉडेलशी ताडून बघा.

बॅटरीतला बीएमएस, म्हणजे सेलवर नजर ठेवणारा मेंदू, आणि इन्व्हर्टर यांची एकमेकांशी भाषा जुळायला हवी. एका कंपनीचा इन्व्हर्टर, दुसरीची बॅटरी घेतली तर इन्व्हर्टर कंपनीच्या यादीत त्या बॅटरीचं नाव आहे याची खात्री करा. नाहीतर इन्व्हर्टर नुसत्या व्होल्टेजवरून अंदाज बांधतो, आणि एलएफपीचं व्होल्टेज बराच काळ जवळपास सपाट राहत असल्याने तो अंदाज चुकतो. ४० टक्के दाखवत असताना अचानक अंधार होतो तो यामुळे. वॉरंटीच्या कागदावर ‘१० वर्षं’ ठळक असतं, पण खालची बारीक अक्षरं वाचा. दहा वर्षांनी किती टक्के क्षमता शिल्लक राहील, आयुष्यभरात एकूण किती युनिट काढायची मुभा आहे, आणि किती तापमानापर्यंत ही हमी लागू आहे, हे तिथे असतं.

तापमानाचा मुद्दा पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये फार महत्त्वाचा. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. लिथियमलाही उष्णता मानवत नाही, आणि १०० टक्के भरलेली बॅटरी कडक उन्हाळ्यात तशीच महिनोन्‌महिने ठेवली तर ती लवकर म्हातारी होते. तरीही पॅनेलजवळ म्हणून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत बॅटरी ठेवलेली मी पाहतो तेव्हा वाईट वाटतं. त्या खोलीत मे महिन्यात माणूस दहा मिनिटं उभा राहू शकत नाही. खालच्या मजल्यावर, उत्तरेकडच्या भिंतीला, ऊन आणि पावसाचे शिंतोडे लागणार नाहीत अशी जागा शोधा. गॅस सिलिंडरजवळ नको आणि जिन्याखालीही नको, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट जिनाच असतो. इन्व्हर्टरच्या फटींना बारीक जाळी लावा, पालींमुळे सर्किट जळण्याचे प्रकार आपल्याकडे खूप होतात.

सोसायट्यांचं गणित वेगळं आहे. वाकड, पिंपळे सौदागर, रावेतच्या इमारतींत गच्ची सामायिक असते, म्हणून सोलर सामायिक मीटरवर लागतं: लिफ्ट, पंप, पार्किंगचे दिवे. त्यासाठी सूर्यघर योजनेत सोसायट्यांना किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे. पण लिफ्ट आणि साडेसात हॉर्सपॉवरचा पंप बॅटरीवर चालवायचा म्हणजे थ्री-फेज हायब्रिड आणि मोठा खर्च. बहुतेक सोसायट्यांत डिझेल जनरेटर आधीच असतो. तिथे मी लिफ्ट आणि पंप जनरेटरवर ठेवून फक्त जिन्याचे दिवे, गेट, सीसीटीव्ही आणि इंटरकॉम छोट्या बॅटरीवर घेईन. ती आवाज-धूर न करता रात्र काढते आणि जनरेटर फक्त गरजेपुरता चालतो. तळघरातल्या पार्किंगमध्ये मोठी लिथियम बॅटरी बसवायची असेल तर आधी अग्निशमन सल्लागाराला दाखवावं.

या हिशोबात पुढे बदल होतील. १ जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरच्या घरगुती ग्राहकांना दिवसाच्या ठरावीक तासांतल्या वापरावर सवलत मिळू लागली. दिवसाची वीज स्वस्त आणि संध्याकाळची महाग अशी दिशा पक्की होत गेली, तर रोज बॅटरी भरून रोज रिकामी करणं परवडू लागेल आणि मग १८,००० युनिटांचा तो पहिला आकडा खरा ठरेल. म्हणून आज हायब्रिड इन्व्हर्टर घेताना पुढे दुसरी पेटी जोडता येईल असा घ्या, बॅटरी मात्र आजच्या गरजेएवढीच. सोडियम-आयन बॅटरीकडेही लक्ष ठेवायला हवं. हिंजवडीच्या केपीआयटी कंपनीने पुण्याच्या आयसर या संशोधन संस्थेसोबत विकसित केलेलं हे तंत्रज्ञान डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. सोडियम मिठातही असतं, त्यामुळे कच्च्या मालासाठी लिथियमसारखी परदेशाची वाट बघावी लागणार नाही. पण कपाटाशेजारी ती येईपर्यंत या मेमधला अंधार थांबणार नाही. तिच्यासाठी खरेदी पुढे ढकलू नका.

बसवणाऱ्याला पैशांचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एक काम करा. तो घरात असतानाच, सूर्य मावळल्यावर, मेन स्विच पाडा. ठरवलेले पंखे, दिवे, फ्रिज, राउटर चालू राहतात का ते बघा. मिक्सर लावून बघा. दोन तास तसेच काढा आणि ॲपवर किती टक्के उतरले ते लिहून ठेवा. मग स्विच वर करा आणि बाहेरची वीज परत आल्याचं इन्व्हर्टर ओळखतो का ते तपासा. तोच कागद वॉरंटीसोबत जपून ठेवा. तीन वर्षांनी हीच चाचणी पुन्हा करून आकडे शेजारी मांडले की बॅटरी किती थकली ते कळेल, आणि कंपनीशी बोलताना हातात पुरावा असेल.